योजना लहान, खर्च मोठा: खासगी पेन्शन योजनांच्या विश्वस्तांना खुले पत्र

खासगी पेन्शन योजनांच्या सर्व विश्वस्तांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या वार्षिक अहवालात गेल्या वर्षीचा परतावा ठळक अक्षरांत छापलेला असतो. तो खर्च वजा जाता आहे की त्याआधीचा, हे तळटीप वाचल्यावर कळते. कधी कधी ती वाचूनही कळत नाही. आणि तुमच्यापेक्षा दहापट मोठ्या योजनेने त्याच बाजारात, त्याच वर्षी काय मिळवले, याचा तर अहवालात उल्लेखही नसतो. मी ज्या योजनेचा सभासद आहे तिच्या मंडळाला हा प्रश्न लेखी विचारला. उत्तर आले, "आपली योजना आटोपशीर आहे, त्यामुळे निर्णय चटकन घेता येतात." या चटकन घेतलेल्या निर्णयांनी सभासदाच्या पदरात काय टाकले, तो आकडा मात्र उत्तरात नव्हता.

एका मंडळाची तक्रार करायला हे पत्र लिहिलेले नाही. हाच प्रश्न विचारला तर इतर बरीच मंडळे असेच उत्तर देतील अशी शंका आहे, म्हणून सर्वांनाच लिहितो आहे. योजनेचा आकार आणि तिच्या गुंतवणुकीची कामगिरी यांच्या नात्यावर भरपूर संशोधन झाले आहे. त्यातले थोडे लहान योजनांच्या बाजूचे आहे, बरेचसे विरुद्ध आहे. दोन्ही मांडतो.

टोरांटोची सीईएम बेंचमार्किंग ही संस्था अनेक देशांतल्या पेन्शन निधींकडून त्यांची मालमत्ता, परतावा आणि खर्च यांचे आकडे गोळा करते. त्या आकड्यांवर अलेक्झांडर डाइक आणि लुकाश पोमोर्स्की यांनी २०११ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. ठरावीक लाभाची हमी देणाऱ्या योजनांपैकी सर्वांत मोठ्या योजनांची कामगिरी लहान योजनांपेक्षा वर्षाला ०.४३ ते ०.५० टक्क्यांनी सरस असल्याचे त्यांना आढळले.

अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. हिशेब करून पाहा. एखाद्या सभासदाने ४० वर्षे दरवर्षी सारखीच रक्कम भरली आणि महागाई वजा जाता ४ टक्के परतावा मिळाला, तर शेवटी वर्षाच्या वर्गणीच्या साधारण ९५ पट रक्कम हाती येते. परतावा ३.५ टक्के असेल तर ती ८४.५ पटीवर येते. म्हणजे आयुष्यभराच्या पुंजीतला जवळजवळ नववा हिस्सा गेला. फरक एक टक्क्याचा असेल तर पाचव्या हिश्शाहून अधिक जातो. हमी असलेल्या योजनेत ही तूट मालक कंपनी भरून काढते, निदान काढायला हवी. वर्गणी ठरलेली आणि लाभ बाजारावर सोडलेला अशा योजनेत ती सरळ सभासदाच्या खात्यातून जाते. अशा योजना दिवसेंदिवस वाढत आहेत, त्यामुळे हा अर्धा टक्का आता आमचा प्रश्न झाला आहे.

हा फरक येतो कुठून? पहिले कारण कोणत्याही हिशेबनिसाला सुचेल. योजना शंभर सभासदांची असो की लाखांची, ऑडिटर लागतो, पुढची देणी मोजणारा ॲक्च्युअरी लागतो, कायद्याचा सल्लागार लागतो, रोखे सांभाळणारा कस्टोडियन लागतो, नियामकाकडे विवरणपत्रे भरावी लागतात. हा खर्च निधीच्या प्रमाणात वाढत नाही. फंड मॅनेजरचे शुल्कही बहुधा टप्प्यांनी उतरते: पहिल्या रकमेवर चढा दर, त्यापुढच्या रकमेवर कमी. लहान योजनेचे सगळे पैसे पहिल्याच टप्प्यात संपतात.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. मोठ्या योजना स्वतःची माणसे पगारावर ठेवून गुंतवणुकीचा बराच भाग घरच्या घरी सांभाळतात. बाहेरचा मॅनेजर दरवर्षी मालमत्तेवर टक्केवारी घेतो. पगारी माणसाचा पगार निधी दुप्पट झाला म्हणून दुप्पट होत नाही. डाइक-पोमोर्स्की यांच्या आकड्यांत घरच्या व्यवस्थापनाचा खर्च बाहेरच्याच्या निदान तीनपट कमी निघाला, आणि मोठ्या योजनांच्या एकूण फायद्यातला एक-तृतीयांश ते निम्मा वाटा या एका गोष्टीचा होता. पण ही सोय पाच-सहा जाणकारांचे पगार निधीत न जाणवण्याइतका निधी मोठा असेल तेव्हाच परवडते. तुमच्यापैकी बहुतेकांना ती परवडणार नाही, आणि त्याबद्दल तुम्हाला कोणी दोषही देत नाही.

आता तुमच्या बाजूचा पुरावा. रॉब बाउअर, मार्टाइन क्रेमर्स आणि रिक फ्रेहेन यांनी सीईएमच्याच आकड्यांवरून अमेरिकी पेन्शन निधींची शेअर गुंतवणूक तपासली. खर्च मोठ्यांचा कमी, हे त्यांनाही दिसले. पण शेअर निवडण्यात लहान निधी मोठ्यांपेक्षा पुढे होते, आणि कारण तरलतेचे होते. मोठा निधी एखाद्या छोट्या कंपनीचे शेअर घ्यायला उतरला की त्याच्याच खरेदीने भाव चढतो, विकायला निघाला की त्याच्याच विक्रीने पडतो. लहान निधीची ये-जा बाजाराच्या लक्षातही येत नाही. जोसेफ चेन, हॅरिसन हाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये म्युच्युअल फंडांबद्दल हाच निष्कर्ष काढला होता: फंड फुगला की कामगिरी उतरते, आणि छोट्या कंपन्यांत गुंतवणाऱ्या फंडांची जास्त उतरते.

दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात, कारण ते निधीच्या वेगवेगळ्या भागांबद्दल आहेत. शुल्क, पगार, वाटाघाटीतला वट या गोष्टी आकाराबरोबर सुधारतात. सूचिबद्ध शेअरच्या खरेदी-विक्रीतली चपळाई आकाराबरोबर आटते. मग लहान योजनेने आपली चपळाई वापरावी, हे ओघानेच आले. अडचण अशी की ती वापरायला भाव चढण्याआधीच चांगली कंपनी ओळखणारा माणूस हवा, आणि तोच लहान योजनेकडे नसतो. तो बाहेरून आणायचा तर पुन्हा पहिल्या टप्प्याचे शुल्क आले. शिवाय विल्यम शार्प यांनी १९९१ मध्ये मांडलेली साधी बेरीज-वजाबाकी आहेच. खर्चाआधी सगळ्या सक्रिय गुंतवणूकदारांची, म्हणजे शेअर निवडून बाजारावर मात करू पाहणाऱ्यांची, सरासरी म्हणजे बाजाराची सरासरी. खर्चानंतर ती त्याच्याखाली असणारच. या खेळात सर्वांत महाग तिकीट काढून बसणाऱ्याची शक्यता काय, हे तुम्हीच ठरवा.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. लहान योजनेचे खरे नुकसान ती लहान असल्याने जितके होते, त्याहून जास्त ती मोठ्या योजनेची नक्कल करते तेव्हा होते. लहान राहून स्वस्त आणि साधे राहता येते. निर्देशांकातले सगळे शेअर त्याच प्रमाणात घेणारे स्वस्त इंडेक्स फंड, मोजके रोखे, वर्षातून एकदा दोहोंचे प्रमाण पूर्ववत करणे, यासाठी कोणाला अब्जावधी लागत नाहीत. पण बऱ्याच मंडळांना हे साधेपण कमीपणाचे वाटते. मोठ्या निधीने प्रायव्हेट इक्विटी, म्हणजे शेअर बाजारात नसलेल्या कंपन्यांतली मालकी, घेतली, आपणही घेऊ. त्याने मालमत्तेचे प्रकल्प घेतले, आपणही घेऊ. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपण सभासदाला शिकवतो आणि मंडळाच्या बैठकीत विसरतो.

प्रायव्हेट इक्विटीवर जरा थांबतो, कारण आकाराचा फरक सर्वांत जास्त तिथेच जाणवतो. या धंद्यात वर्षाला गुंतवायला कबूल केलेल्या रकमेच्या २ टक्के शुल्क आणि नफ्याचा २० टक्के वाटा हा जुना भाव आहे. मोठा निधी तो घासाघीस करून खाली आणतो. काही व्यवहारांत फंडाच्या बरोबरीने थेट पैसे घालतो आणि त्या भागावर नाममात्र शुल्क देतो. नावाजलेल्या फंडांत त्याला आधी जागा मिळते. लहान योजनेला किमान गुंतवणुकीची अटच पेलत नाही. मग ती 'फंड ऑफ फंड्स' घेते, म्हणजे वरच्या मॅनेजरचे शुल्क वेगळे आणि खालच्या मॅनेजरांचे वेगळे. डाइक-पोमोर्स्की यांना प्रायव्हेट इक्विटी आणि स्थावर मालमत्तेत मोठ्या योजनांचा खर्च कमी आणि ढोबळ (खर्चाआधीचा) परतावाही जास्त आढळला. दोन्ही मिळून निव्वळ परताव्यात वर्षाला ६ टक्क्यांपर्यंत फरक पडत होता. मालमत्तेचा वर्ग तोच, सादरीकरणातली रंगीत वर्तुळेही तीच, आणि हाती येणारे उत्पन्न मात्र दुसरेच. तुमचा सल्लागार 'प्रायव्हेट इक्विटीचा दीर्घकालीन परतावा' म्हणून जो आकडा दाखवतो, तो तुमच्या दाराने आत शिरणाऱ्यांचा आहे की मोठ्यांच्या दाराने, एवढे त्याला विचारा.

'निर्णय चटकन होतात' या दाव्याचे काय? त्याची कसोटी सप्टेंबर २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये लागली. तिथल्या हमीच्या योजनांनी देण्यांशी मेळ घालण्यासाठी सरकारी रोख्यांत कर्ज काढून गुंतवणूक केली होती. मोठ्या योजनांची स्वतःची स्वतंत्र खाती होती; लहान योजना अनेकांनी मिळून घेतलेल्या सामाईक फंडांत होत्या. २३ सप्टेंबरच्या सरकारी घोषणेनंतर रोख्यांचे भाव कोसळले आणि सगळ्यांकडे जास्तीचे तारण मागितले गेले. स्वतंत्र खात्यांपेक्षा सामाईक फंडांत पैसे पोहोचायला वेळ लागला, कारण प्रत्येक फंडात पुष्कळ योजना, प्रत्येकीचे वेगळे मंडळ आणि प्रत्येक मंडळाच्या वेगळ्या सह्या. तारण वेळेवर आले नाही की फंडाला रोखे पडत्या भावात विकावे लागणार, त्याने भाव आणखी पडणार. २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंडला मध्ये पडावे लागले, तिने १९.३ अब्ज पौंडांचे रोखे विकत घेतले. लहान मंडळ म्हणजे चपळ मंडळ हा समज त्या आठवड्यात टिकला नाही. चटकन निर्णय घ्यायला पूर्णवेळ माणूस आणि त्याला आधीच दिलेले अधिकार लागतात. तिमाहीतून एकदा भेटणाऱ्या मंडळाकडे, त्यातली माणसे कितीही सज्जन असली, तरी ते नसतात.

इथवर वाचून मोठ्या योजनांचे विश्वस्त खूश होत असतील. त्यांच्यासाठीही काही आहे. आकार नुसता असून भागत नाही, तो वापरावा लागतो. अमेरिकेत एडिसन इंटरनॅशनल या वीज कंपनीच्या योजनेचा खटला २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. योजना अब्जावधी डॉलरची, तरी सभासदांना काही म्युच्युअल फंडांचे किरकोळ ग्राहकांसाठीचे महाग युनिट दिले होते. त्याच फंडांचे संस्थांसाठीचे स्वस्त युनिट उपलब्ध होते. न्यायालयाने एकमताने सांगितले की गुंतवणूक निवडताना एकदा विचार केला म्हणजे जबाबदारी संपत नाही, ती वेळोवेळी तपासत राहणे हेही विश्वस्ताचे कर्तव्य आहे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ते हेच.

मोठ्यांचे धाडसही मोठे असते. कॅनडातील ओंटारियो टीचर्स या बलाढ्य निधीचे एफटीएक्स या क्रिप्टो कंपनीत साडेनऊ कोटी अमेरिकी डॉलर बुडाले. ऑस्ट्रेलियन सुपर या ऑस्ट्रेलियातील सर्वांत मोठ्या निधीने प्लुरलसाइट या सॉफ्टवेअर कंपनीतली गुंतवणूक २०२४ मध्ये शून्यावर आणली. तोटा एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर होता. या रकमा त्या निधींच्या एकूण आकारात लहान आहेत, हे खरे. पण घरी पथक असले की शहाणपण आपोआप येते, हा भ्रम त्यांनी तरी बाळगू नये.

संशोधनाबद्दलही एक शंका नोंदवतो. सीईएमकडे आकडे स्वखुशीने दिले जातात. आपली तुलना व्हावी असे वाटणाऱ्या योजना मुळातच जरा शिस्तीच्या असणार. आणि चांगला परतावा मिळवणारी योजना त्या परताव्यानेच मोठी होते, म्हणजे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे पूर्णपणे सोडवता येत नाही. डाइक आणि पोमोर्स्की यांनी स्वतःच म्हटले आहे की आकाराचा लाभ घेता येणे कारभाराच्या दर्जावर अवलंबून असते. खर्चाची बाजू मात्र या शंकेने हलत नाही. ती जवळपास निव्वळ भागाकार आहे.

नियामकांनी हे केव्हाच ओळखले आहे. नेदरलँड्समध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस हजारावर पेन्शन निधी होते. आज ते दोनशेच्या आत आले आहेत. ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये वार्षिक कामगिरी चाचणी आणली. पहिल्याच वर्षी ७६ पैकी १३ योजना नापास झाल्या, आणि 'आम्ही नापास झालो' असे पत्र आपल्याच सभासदांना पाठवणे त्यांना बंधनकारक झाले. सलग दोनदा नापास झाले की नवे सभासद घेणे बंद. मला ही चाचणी आवडते, तिचा तोटा दिसत असूनही: नापास होण्याच्या भीतीने सगळे मोजपट्टीला चिकटून बसतात. ब्रिटनमध्ये १० कोटी पौंडांखालच्या वर्गणी-आधारित योजनांना तीन मोठ्या योजनांशी स्वतःची तुलना करावी लागते, आणि सरकारने २०२५ मध्ये २०३० पर्यंत किमान २५ अब्ज पौंडांच्या मोठ्या निधींचे उद्दिष्ट ठेवले. हा दुसरा आकडा मला खटकतो. अमुक अब्जांच्या अलीकडे वाईट आणि पलीकडे चांगले अशी रेघ कोणत्याही संशोधनातून निघत नाही, आणि सक्तीने जुळवलेल्या योजनांत जुने महाग करार तसेच वाहत येण्याची भीती असते.

विलीनीकरणाचीही किंमत आहे, ती सांगायला हवी. अनेक लहान योजनांत कारभाराचा खर्च मालक कंपनी स्वतः उचलते. मोठ्या सामाईक निधीत गेल्यावर तोच खर्च गुपचूप सभासदांच्या खात्यावर येऊ शकतो, आणि मग कागदावर घटलेले शुल्क आमच्यासाठी वाढलेले असते. हमीच्या योजनांत एकीकडे पुरेसा निधी आणि दुसरीकडे तूट असेल, तर एकत्र येणे म्हणजे पहिलीच्या सभासदांनी दुसरीची तूट भरणे. डच लोकांनी यावर २०१६ पासून एक तोड काढली आहे: एका छत्राखाली अनेक योजना, कारभार आणि खरेदी एकत्र, पण प्रत्येक गटाची मालमत्ता वेगळी राखलेली. अमेरिकेत २०१९ च्या कायद्याने एकमेकांशी संबंध नसलेल्या मालकांनाही २०२१ पासून सामाईक योजनेत येण्याची मुभा दिली. तिथे पाहायचे ते एवढेच, की योजना चालवणारा स्वतःचेच फंड तिच्यात खपवत नाही ना.

आता मागणे. पुढच्या वार्षिक अहवालात वर्षाचा सगळा खर्च निधीच्या टक्केवारीत एका ओळीत छापा: मॅनेजरचे शुल्क, नफ्यातला वाटा, खरेदी-विक्रीचा खर्च, कस्टोडियन, ऑडिटर, सल्लागार, सगळे धरून, आणि त्यातले किती मालक कंपनी भरते ते वेगळे. त्याखाली दहा वर्षांचा निव्वळ परतावा, आणि त्याच्या शेजारी तेवढीच जोखीम असलेल्या स्वस्त इंडेक्स फंडांच्या मिश्रणाने त्याच काळात दिलेला परतावा, तोही खर्च वजा जाता. प्रायव्हेट इक्विटीसारखा ज्याचा बाजारभाव रोज कळत नाही असा भाग असेल, तर त्याचे मूल्य कोणी आणि केव्हा ठरवले तेही लिहा. यापलीकडे मोठ्या योजनेकडून एक लेखी दरपत्रक मागवा: आमचे सभासद तुमच्याकडे आले तर एकूण किती घ्याल? ते मागवले म्हणून जायलाच हवे असे नाही. हातात दुसऱ्याचा भाव असला की सध्याचा मॅनेजरही वेगळ्या सुरात बोलतो.

आणि तुलना सतत विरुद्ध गेली तर काय करणार, हे आज, निकाल माहीत नसताना, ठरावात लिहून ठेवा. किती वर्षे, किती फरक, मग कोणता पर्याय. आकडे समोर आल्यावर कारणे सुचतातच. यंदा बाजार विचित्र होता, पुढच्या वर्षी पाहू.

शेवटचा मुद्दा अवघड आहे, पण तो टाळून हे पत्र पुरे होणार नाही. योजना दुसरीत विलीन झाली तर मंडळ राहत नाही. तुमचे पद जाते, सल्लागाराचे काम जाते, मॅनेजरचा ग्राहक जातो. म्हणजे विलीनीकरण करावे का, हा प्रश्न ज्यांना विचारला जातो त्या प्रत्येकाचे त्यात काही ना काही अडकलेले असते, फक्त सभासदाला तो कोणी विचारत नाही. तेव्हा हा सल्ला अशा माणसाकडून घ्या की जो आज तुमच्याकडून काही घेत नाही आणि पुढे कोणत्याही निधीकडून दलाली घेणार नाही. त्याला एक ठरलेली रक्कम द्या, आणि त्याचा अहवाल मंडळासमोर ठेवला जाईल त्याच दिवशी आम्हालाही पाठवा.

आपला,
एक सभासद